आमच्याकडं त्याला केक म्हणतात

उन्हाळा लागला की माझ्या मोबाईलवर केक कापायला सुरुवात होते. गुढीपाडवा होतो न होतो तोच साखरपुड्यांचे व्हिडिओ येऊन पडायला लागतात. कुणाची भाची, कुणाचा पुतण्या, शाळेतल्या कुठल्या तरी बाईंची नणंद. सगळीकडे तेच. फुलांची कमान, धूर सोडणारं यंत्र, मध्ये पांढऱ्या कापडाचं टेबल आणि त्यावर तीन मजली केक. नवरानवरी दोघं मिळून एक सुरी धरतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. साखरपुड्यातली साखर कधी उठून गेली आणि तिच्या जागी हा केक कधी येऊन बसला, कुणाला विचाराल तर सांगता येणार नाही. मी बघते, बोट वर सरकवते, पुढचा बघते. आणि मग केव्हातरी तो येतोच. माझ्या धाकट्या बहिणीच्या, शीतलच्या साखरपुड्याचा. जावईबापूंच्या कुणा मित्रानं काढलेला, अर्ध्या मिनिटाचा. दोन वर्षं झाली, तरी दर उन्हाळ्यात कुणाला तरी हौस येते आणि तो पुन्हा कुठल्या तरी ग्रुपवर पडतो. त्यात धोतर-फेट्यातला एक म्हातारा माणूस पत्र्याची पेटी उघडतो आणि मांडव हसतो. तो माणूस म्हणजे आमचे तात्या, माझे वडील. आणि सगळ्यात मोठ्यानं हसणारी, हिरव्या पैठणीतली जी बाई दिसते, ती मी.

हे नीट सांगायचं तर आधी आमच्याकडचा केक म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिसगावपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. बाजार तिसगावचा, दवाखाना तिसगावचा, एसटी धरायची तर तिसगावलाच. तिथं केक म्हणजे क्रीमरोल. वीतभर लांब पापुद्र्यांची नळी, तोंडाला पांढरं गोड क्रीम, वर भुरभुरलेली पिठीसाखर. त्याला सगळं जग क्रीमरोल म्हणतं, हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कळलं. मग वाढदिवसाला कापतात तो गोल, फुलाफुलांचा? त्याला आमच्याकडं ‘बड्डे’ म्हणायचे. सरपंचाच्या नातवाला दोन किलोचा बड्डे आणला होता, असं. कुणाचा वाढदिवस असला तर बड्डे. आणि पाहुण्यांकडं जाताना, बाळंतिणीला बघायला जाताना, दवाखान्यात कुणी पडलं तर, पोरगं पास झालं तर, केक. मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही, एवढाच नियम. दोन्हींत गफलत व्हायचं काही कारणच नव्हतं.

केक मिळायचा मुनीरभाईंच्या भट्टीवर. बेकरी असा शब्द आम्ही वापरत नव्हतो, भट्टीच म्हणायचो. बाजाराच्या दिवशी मेथी, बोंबील, शेंगदाणे, जनावरांच्या गळ्यातले गोंडे, सगळ्यांचे वास ओलांडून पुढं गेलं की एकदम भाजलेल्या मैद्याचा गरम वास यायचा आणि पाय आपोआप हळू व्हायचे. आत अंधारात मुनीरभाई लाटलेल्या मैद्याच्या पट्ट्या पत्र्याच्या नळकांड्यांवर गुंडाळत बसलेले असायचे. भाजून झालं की नळकांडं काढून घ्यायचं. ती नळकांडी निघताना एक बारीक, कोरडा आवाज व्हायचा. मला तो आवाज फार आवडायचा, अजून आवडतो.

तात्या घोडेगावच्या बाजारातून बैल बघून यायचे. बैल पसंत पडो न पडो, येताना तिसगावला उतरून केक आणायचेच. वर्तमानपत्राच्या पुड्यावर तुपट डाग पडलेला असायचा आणि त्या डागाच्या आकारावरून पुडा आमचा की शेजारच्या काकूंचा, हे आम्ही लांबूनच ओळखायचो. खायची पद्धत ठरलेली. हनुवटीखाली डाव्या हाताचा तळवा धरायचा. पापुद्रे अंगावर सांडले की पाठीत धपाटा. शेवटी बोट ओलं करून तळव्यावरचा चुरा टिपायचा. क्रीम टाळूला चिकटून बसायचं आणि पुढचा अर्धा तास जीभ तिथंच फिरत राहायची. सांडलं की तात्या ओरडायचे, अकलेचा कांदा, येडे, नीट धर की! मी थोरली, म्हणून शिव्या माझ्या वाट्याला जास्त. शीतल माझ्याहून पुष्कळ धाकटी, तिला सगळं माफ होतं. ह्या अन्यायाबद्दल मी अजून तिच्याशी भांडते.

पुढं नगरला डी.एड.ला आले. होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी खाऊ न्यावा म्हणून एका दुकानात गेले आणि चार केक द्या म्हणाले. दुकानदारानं विचारलं, अर्धा किलोचे की एक किलोचे? मी बरणीकडं बोट दाखवलं. तो म्हणाला, अहो ताई, हे क्रीमरोल. बरोबरच्या दोघी खुदकन हसल्या. झालं एवढंच. पण मी तो शब्द त्या दिवशी तिथंच टाकून दिला. पाठोपाठ ‘हाय’ गेलं, ‘न्हाई’ गेलं, ‘पानी’ गेलं. सहा महिन्यांत माझी जीभ इतकी स्वच्छ झाली की सुट्टीत घरी गेले की आई हसायची. मग मास्तरीण झाले, नगरलाच दिलं, नगरचीच झाले. आता रोज चाळीस पोरांना सांगते, पानी नाही बाळा, पाणी. ण म्हण, ण. माझ्याइतकी शुद्ध बोलणारी बाई आमच्या केंद्रातल्या शाळांत दुसरी नाही, असं केंद्रप्रमुख साहेबही म्हणतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना, तो बैल मीच.

तर तो दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. काढलेला कांदा वावरात पसरलेला, त्याच्या पातीचा उग्र वास घरात, कपड्यांत, डोक्याच्या केसांत. आई आणि मजुरीच्या बायका दिवसभर कांद्याची पात कापत बसलेल्या. त्यातच शीतलचं जमलं. मुलगा चिंचवडला नोकरीला, माणसं मूळची शेवगावकडची, चांगली. साखरपुडा नगरच्या एका कार्यालयात करायचं ठरलं, म्हणजे दोघांनाही मध्ये. सगळे फोन माझ्यावर, कारण मी नगरची आणि मला पुण्याकडच्या माणसांशी बोलता येतं, असा घरात समज. मुलाच्या मामींचा फोन आला. त्या म्हणाल्या की स्टेज, फोटो, सगळं आम्ही बघतो, तुमच्याकडून फक्त केक असू द्या. मी म्हटलं, हो हो, अगदी.

मी तात्यांना फोन केला आणि सांगितलं, तात्या, केक आपल्याकडं आहे. ते म्हणाले, त्यो माज्याकडं लागला. तुमी कुनी त्यात पडू नका.

बस. एवढंच बोलणं. मी निवांत झाले. मला एकदाही, क्षणभरसुद्धा, आठवलं नाही की माझ्या बापाच्या घरात केक कशाला म्हणतात. जो शब्द मी स्वतः एका दुकानात लाजून टाकून दिला होता, तो मी साफ विसरले होते. माणूस पडलेला दात विसरतो, पण मी जीभच विसरले होते. आणि गंमत म्हणजे ह्या घोटाळ्याला पुढं सगळे तात्यांची चूक म्हणाले.

साखरपुड्याच्या दिवशी ऊन असं की कार्यालयाच्या पत्र्याखाली पंखे गरम हवा खाली ढकलत होते. ओटी झाली, साडी झाली, अंगठ्या झाल्या. मग माईकवाला म्हणाला की आता आपण वळूया सर्वांच्या आवडत्या क्षणाकडे. टेबल पुढं आलं. सुरीला लाल रिबीन बांधलेली. मुलाचे मित्र मोबाईल वर धरून उभे. मामींनी माझ्याकडं बघितलं, मी तात्यांकडं बघितलं आणि तात्या उठले. फेटा नीट केला. माझ्या चुलतभावाला हाक मारली. दोघांनी मिळून एक पत्र्याची मोठी पेटी स्टेजवर आणली, तिच्यावर ओलं पोतं गुंडाळलेलं होतं. मला वाटलं, केक वितळू नये म्हणून काय काय करतात तात्या! इतकी मी मूर्ख. तात्यांनी पोतं बाजूला केलं आणि झाकण उघडलं.

आत केक होते. दोन-अडीचशे तरी असतील. ओळीनं, थरावर थर, मध्ये कागद घातलेले, साखर अजून पांढरीशुभ्र.

आधी कुणीतरी एकानं हसायला सुरुवात केली. मग मित्रांची लाट आली. मामी म्हणाल्या, अहो, हे क्रीमरोल आहेत! त्या वाईट नव्हत्या, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. आणि मी हसले. का हसले, हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय. लाज वाटली म्हणून हसले. मी त्यांच्यातली आहे, ह्यांच्यातली नाही, हे त्या मांडवाला कळावं म्हणून हसले. हसून भागलं नाही, तर वर्गात बोलते तशा खणखणीत आवाजात म्हणाले, “तात्या, अहो केक म्हणजे केक! हे काय उचलून आणलंत?”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गोंधळले होते. हळूच म्हणाले, “तूच म्हनली ना, केक.”

आणि पेटीचं झाकण लावायला लागले.

शीतलनं ते लावू दिलं नाही. ती टेबलामागून निघाली, ती एवढी जड साडी सावरत, आणि पेटीतला एक केक उचलला. सुरीकडं बघितलंसुद्धा नाही. क्रीमरोलला सुरी लावली की त्याचा भुगा होतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं तो दोन्ही हातांनी बरोबर मधोमध मोडला. आणि मोडला तर आतून क्रीम आलं. मधून. ज्यानं म्हणून क्रीमरोल खाल्लाय त्याला माहीत असतं की तो दोन तोंडांना भरलेला असतो आणि मधे पोकळ. हा मधेही भरलेला होता. तिनं अर्धा नवऱ्या मुलाच्या तोंडात घातला, त्याच्या शेरवाणीवर सगळा चुरा सांडला. त्याच्या आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की मलाबी एक केक द्या गं, माझ्या म्हायेरी बी ह्यालाच केक म्हनत्यात. मग काय, ज्याच्या त्याच्या हातात केक. मित्रांनी दोन-दोन खाल्ले. साखरपुडा चांगला झाला. आजही तिकडचे लोक म्हणतात, काय केक होते!

ते क्रीम मधे कसं आलं, ते आईनं मला आठवड्यानं फोनवर सांगितलं. पहाटे तात्या मुनीरभाईंच्या भट्टीवर जाऊन बसले होते. म्हणाले, पोरीचं हाय, एक बी पोकळ नको. मुनीरभाई म्हणाले, असं कुणी भरत नाही. तात्या म्हणाले, आज भरा. मग एका बाजूनं अर्धा, उलटा करून दुसऱ्या बाजूनं अर्धा, असा प्रत्येक केक भरला आणि तात्या समोर बसून बघत राहिले. आई हे सांगत होती आणि मागं कांद्याची पात कापल्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवला आणि पोटभर रडले.

शीतलचं सगळं चांगलं झालं. तिला ह्या गोष्टीचं काही वाटतही नाही, ती तो व्हिडिओ स्वतःच दाखवते. बिघडलं ते माझं आणि तात्यांचं. भांडण नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. तात्या माझ्याशी नीट वागायला लागले. फोन केला की म्हणायचे, बरं आहे ना? जेवण झालं का? शाळा काय म्हणते? आणि फोन आईकडं द्यायचे. एकदा म्हणाले, तुमच्याकडं पानी, आणि थांबले, आणि म्हणाले, पाणी येतं का रोज? अडुसष्ट वर्षांचा माणूस, माझ्यासमोर ण म्हणायला शिकला. त्या दिवशी मला माझ्या धंद्याची किळस आली. घरी गेले तर मला खुर्ची द्यायचे. लोकांना सांगायचे, ह्या नगरच्या बाई आल्यात. समोर क्रीमरोल असला तर क्रीमरोल म्हणायचे, एकेक अक्षर चावून. आणि आतल्या खोलीत शीतलशी फोनवर बोलताना ऐकू यायचं, येताना तुज्यासाठी केक आनतो. तिच्यासाठी केक, माझ्यासाठी क्रीमरोल.

दिवाळीत मी म्हटलं, तात्या, त्या दिवशी माझं चुकलं. ते लगेच म्हणाले, नाही, तुझं बरोबरच होतं, आम्हा अडाण्यांना काय कळतंय. टोमणा मारत नव्हते, खरंच तसं वाटत होतं त्यांना. ते ऐकून मला धरणी दुभंगावी असं झालं. मला क्षमा नको होती. मला येडे म्हणणारे, अकलेचा कांदा म्हणणारे, चुरा सांडला की खेकसणारे माझे तात्या परत पाहिजे होते. ज्या घरात आपल्याला खुर्ची मिळते ते घर आपलं राहिलेलं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

वर्गातही मग माझं मन लागेना. एक पोरगी वाचत होती, ‘विहिरीला लई पानी हुतं.’ पुस्तकात होतं, ‘विहिरीला खूप पाणी होते.’ ती आपल्या मनानं घरचं वाचत होती आणि किती छान वाचत होती. माझ्या तोंडातून ‘पाणी म्हण’ निघालं नाही. म्हटलं, बस बाळा. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं काहीतरी फार मोठं चुकलं.

ह्या वर्षी पुन्हा कांदा निघाला. परीक्षा संपल्या आणि मी चार दिवस गावी गेले, मुद्दाम कापणीला बसले. दुसऱ्या दिवशी हाताला फोड आले, तात्या म्हणाले, राहू दे, तुला सवय नाही. तेही हळू आवाजात. बाजाराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर तिसगावला गेले. मनाशी ठरवलं होतं काय करायचं ते. लहान मुलासारखं पाठ केलं होतं.

मुनीरभाईंची भट्टी आता ओळखू येत नाही. काचेचं दार, आत थंड हवा, उभा फ्रिज, त्यात रंगीत गोल केक फिरतायत. मुनीरभाई थकले, घरीच असतात. काउंटरवर त्यांची नात होती, कॉलेजातली, डोक्यावर ओढणी, बोलायला चटपटीत. गर्दी होती. तात्या माझ्या मागं पिशव्या घेऊन उभे. मी त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, “पोरी, दोन डझन केक दे गं.”

तिनं डोळे मोठे केले. दोन डझन? कोणते, पायनापल की चॉकलेट? म्हटलं, ते न्हाई, केक. ती म्हणाली, ऑर्डर असेल तर आधी सांगावं लागतं काकू, एवढे आज व्हायचे नाहीत. आणि मोबाईलवर फोटो दाखवायला लागली, हा बघा, कार्टूनचा आहे, ह्याच्यावर नाव काय टाकायचं? मी म्हटलं, नाव नको, आपला तो साधा केक, लांबडा. ती म्हणाली, लांबडा म्हणजे चौकोनी का? मागच्या बाईनं सुस्कारा सोडला. मला घाम फुटला. ज्या एका शब्दासाठी मी दोन वर्षं झुरत होते, तो परत घेऊन आले तर तो तिसगावातसुद्धा कुणाला नको होता. मुनीरभाईंच्या नातीलाही तो माहीत नव्हता. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

आणि मागून आवाज आला. चांगला मोठा, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा, वावरात बैलांना हाक घालतात तसा.

“ए येडे! आता कुनी म्हनतंय का त्याला केक? क्रीमरोल म्हन की सरळ. त्या लेकराचा येळ कशापायी खातीस?”

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मला काय झालं ते सांगता येत नाही. चाळिशी उलटलेली बाई मी, भर बाजारात बापानं झापलं आणि माझ्या अंगावरून मोरपीस फिरलं. डोळे भरून आले, ते लपवायला मी फ्रिजकडं तोंड केलं. तात्यांनी मला खांद्यानं बाजूला सारलं आणि काउंटरशी गेले.

“दे बाई, दोन डझन क्रीमरोल,” ते त्या पोरीला म्हणाले. “हिच्याकडं ध्यान देऊ नको. माजी थोरली हाय. मास्तरीन हाय, पन येडी हाय.”